तपास चालू आसा

आमच्या वाड्यावरचा एक दादा गेल्या पावसात नदीत मिळाला. म्हणजे शव मिळालं, पण वाड्यावर अजून कोणी तसं म्हणत नाही, "मिळाला" एवढंच म्हणतात. लहानपणापासून खुबे (शिंपले) काढायला याच नदीत उतरणारा माणूस, तो बुडाला हे कोणाच्या गळी उतरेना. स्कूटर मानशीजवळ, म्हणजे बांधावरच्या पाणी अडवायच्या दाराजवळ, स्टँडवर नीट लावलेली, मोबाईल गायब.

आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, घातपाताचा संशय नाही, पोलिसांची माहिती. अरे, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, शवचिकित्सा व्हायची होती तेव्हा! वहिनीला हे पेपरातनंच कळलं, म्हणजे पेपर वाचून शेजारच्या काकीने सांगितलं तेव्हा. त्यानंतर व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवलाय म्हणाले आणि मग जे गप्प झाले ते झालेच. पोलीस स्टेशनवर गेलं की एकच उत्तर, "तपास चालू आसा." खुर्चीवरचा साहेब बदलला तरी उत्तर तेच.

मला पोलिसांचं सगळं गुपित नकोय हां. कोणावर संशय आहे, शवावर कुठे काय खूण होती हे बाहेर फुटलं तर तपासाची वाट लागते, कळतं. पण व्हिसेरा पाठवला का, कधी पाठवला, मोबाईलचे कॉल रेकॉर्ड मागवले का, एवढं घरच्यांना सांगितल्याने कुठला आरोपी सुटणार आहे? झालंय उलटंच, जे सांगायला हरकत नाही ते दाबून ठेवतात आणि जे शेवटी सांगायचं, घातपात आहे की नाही, ते पहिल्याच दिवशी सांगून मोकळे.

गोंयात हे आधी झालेलं आहे म्हणून जास्त चीड येते. २००८ मध्ये हणजुणेला (अंजुना) १५ वर्षांची ब्रिटिश मुलगी किनाऱ्यावर मृत सापडली, पोलीस म्हणाले बुडाली, आईने ऐकलं नाही, दुसऱ्यांदा शवचिकित्सा झाली तेव्हा अंगावर पन्नासच्या वर जखमा निघाल्या, प्रकरण सीबीआयकडे गेलं आणि हायकोर्टात एकाला शिक्षा व्हायला २०१९ उजाडलं. २०२२ मध्ये हरियाणातल्या भाजप नेत्या सोनाली फोगट इथे गेल्या तेव्हाही पहिल्यांदा हार्ट अटॅकचीच बातमी होती, मग दोनेक दिवसांत खुनाचा गुन्हा. म्हणजे ज्याच्या मागे आवाज आहे त्याचं पुढे सरकतं, आमच्या दादाच्या मागे कोण, वहिनी आणि दोन मुलं.

यात एक मेख आहे, ती मला म्हापशाच्या एका वकिलाने समजावली. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं की संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर २४ तासांत वेबसाईटवर टाका. सीआरपीसीच्या जागी नवीन बीएनएसएस, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामाचा कायदा, १ जुलै २०२४ पासून आलं, त्यात तपास कुठवर आला ते ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असं आहे. ऐकायला मस्त! पण आमच्याकडे नोंद यूडीची, म्हणजे अनैसर्गिक मृत्यू, आणि यूडीत एफआयआरच नसतो. मग वेबसाईटवर काय टाकणार आणि ९० दिवस मोजायचे कुठनं? संशय नाही म्हणून गुन्हा नाही, गुन्हा नाही म्हणून सांगायची सक्ती नाही, आणि कोणी सांगत नाही म्हणून वाड्यावर रोज नवीन संशय. एकदा भाटातला (नारळाच्या बागेतला) नोकर, एकदा दादाचा स्वतःचा मेव्हणा. तो बिचारा चवथीलासुद्धा आला नाही.

शेवटी आरटीआय टाकलाय. तपासात अडथळा येईल म्हणून माहिती नाकारता येते, पण नुसतं तपास चालू आहे एवढं कारण पुरत नाही असं दिल्ली हायकोर्टाने २००७ मध्येच म्हटलंय, ती ओळ वकिलाने अर्जाखालीच लिहून दिली. वहिनीने अर्जाची पोच देवघरातल्या डब्यात ठेवलीय आणि कालनिर्णयवर ३० वा दिवस पेनने गोल केलाय. अजून ११ दिवस आहेत.