१६ वर्षांचा सर्व्हर आणि डॉसमधलं हीट रजिस्टर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे लोखंड ओतून पार्ट बनवणाऱ्या कारखान्याचं, कॉम्प्युटरचं काम मी बरीच वर्षं बघतोय. नाव लिहीत नाही, पण कोल्हापुरातल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला हे वाचून आपलंच ऑफिस आठवेल. एका कोपऱ्यात टॉवर सर्व्हर, त्यावर विंडोज सर्व्हर २००३, आणि त्याच्या आत क्लिपर ह्या जुन्या भाषेत लिहिलेला डॉसचा प्रोग्राम. हीट रजिस्टर (भट्टीतनं एकदा वितळून निघालेला माल म्हणजे एक हीट), रिजेक्शन, डिस्पॅचचं चलन, गेटपास, सगळं त्याच काळ्या स्क्रीनवर. तो सर्व्हर आम्ही २०२१ च्या दसऱ्याला बदलला आणि प्रोग्राम मात्र तोच ठेवला. कसं केलं ते लिहून ठेवतोय, कारण तेव्हा मला मराठीत एका जागी असं काही वाचायला मिळालं नव्हतं, आणि अजून कितीतरी जणांना हे काम करायचंच आहे.

सर्व्हर २००५ चा, म्हणजे २०१९ च्या आधीच्या महापुराच्या सालातला. प्रोग्राम त्याच्याही आधीचा, १९९६ चा. २०१९ ला पूर आला तेव्हा हायवे पाण्याखाली, कोल्हापुरातनं शिरोलीला जायची वाटच बंद, कारखाना कोरडा होता पण लाईट नव्हती. पाणी उतरल्यावर जाऊन बटण दाबलं तर सर्व्हर तिसऱ्या वेळेला उठला. पहिल्या दोन वेळेला नुसता पंख्याचा आवाज आणि स्क्रीन काळी. ते दोन मिनिट मी अजून विसरलो नाही. जुलै २०२१ ला पुन्हा पूर, पुन्हा हायवे बंद, आणि घरात बसून मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो की आता उठेल का.

उठला. पण त्यावेळी मी पुढचं झाकण उघडून आत नीट बघितलं. दरवर्षी खंडेनवमीला बाकी मशीनसारखी त्याचीही पूजा व्हायची, त्यामुळं जाळीत हळदकुंकवाचा थर आणि त्यात झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या. आत सगळीकडं काळी धूळ, फाउंड्रीची धूळ साधी नसते हे बाहेरच्याला कळत नाही, त्यात कोळशाची आणि लोखंडाची पूड असते, हाताला लागली की चमकते. मदरबोर्डवरच्या दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली. आणि तीन डिस्कपैकी एकीचा दिवा पिवळा.

हा पिवळा दिवा किती दिवस तसा होता कुणालाच माहीत नाही. रेड-५ मध्ये तीन डिस्क असतात तेव्हा एक गेली तरी काम चालू राहतं, म्हणून कुणाला कळलंही नाही. पण दुसरी गेली असती तर सगळं गेलं असतं. ३६ जीबीच्या त्या स्कझी (जुन्या सर्व्हरच्या जोडणीच्या) डिस्क आता नवीन मिळत नाहीत, मिळाली तर कुणीतरी काढून टाकलेली जुनी मिळणार. त्याच दिवशी संध्याकाळी मी प्रोग्रामच्या डेटाच्या सगळ्या फाइल्स, म्हणजे डीबीएफ, दोन पेनड्राइव्हवर घेतल्या आणि एक मालकांच्या हातात दिला. सगळा डेटा मिळून ९०० एमबी पण नव्हता. २५ वर्षांच्या प्रत्येक हीटचा हिशोब, कुठल्या भट्टीत, किती पिग आयर्न, किती स्क्रॅप, सिलिकॉन किती, कुठलं कास्टिंग म्हणजे ओतलेला पार्ट, कुणाला गेलं.

बाहेरनं येणारे लगेच म्हणतात, अहो ते डॉसचं फेका, नवीन सॉफ्टवेअर घ्या. ते आलेही होते, डेमो पण झाला, चांगला होता. पण गिऱ्हाईक ७ वर्षांनी एक तुटलेलं कास्टिंग घेऊन येतं, त्यावरचा हीट नंबर वाचतं आणि विचारतं की ह्याचा रिपोर्ट दाखवा. तो रिपोर्ट ह्या प्रोग्राममधनं अर्ध्या मिनिटात निघतो. डिस्पॅचमधले अण्णा कीबोर्डकडं न बघता चलन मारतात, बोलता बोलता, तीन एंटर, एफ-५, आणि बाहेर ड्रायव्हर अजून गाडीतनं उतरला नसतो तोवर प्रिंट. आणि प्रोग्राममध्ये अशा काही गोष्टी आहेत ज्या कुठल्या कागदावर लिहिलेल्या नाहीत. चलनावरचं वजन आणि काट्यावरचं वजन ह्यात २ टक्क्यांच्या वर फरक आला की तो चलन अडवतो, पासवर्ड मागतो. हे मालकांनापण आठवत नव्हतं, अण्णांना माहीत होतं. असलं सगळं गोळा न करता नवीन सॉफ्टवेअर आणलं की पहिल्या महिन्यात मारामारी, हे मी दुसरीकडं बघितलंय. म्हणून माझं मत तेव्हाही होतं आणि आताही आहे, आधी खालचं लोखंड बदला, प्रोग्रामला घाईनं हात लावू नका.

मालक म्हणाले, "बाकीचं तुझं तू बघ, पण ह्यो एक दिवस बंद पडला तर माझी गाडी गेटातनं भाईर पडत न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

मी म्हणालो, "मालक, जुना बंद न करताच त्याची नक्कल घ्यायची, ती नव्या मशीनच्या आत चालवायची. विंडोज, प्रोग्राम, सगळं हाय तसं, एका फाइलमध्ये."

थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पॅटर्न आपलाच, मोल्ड तेवढा नवा."

व्हर्च्युअल मशीन ह्यापेक्षा चांगलं मी कुणाला समजावू शकलो नसतो.

पहिला आठवडा मी काहीही केलं नाही, नुसतं बघितलं. सर्व्हरवर कोण येतंय, कुठली फाइल उघडतंय, कंप्युटर मॅनेजमेंटमध्ये ओपन फाइल्स दिसतात, ते दिवसातनं चारपाच वेळा बघून वहीत लिहायचो. त्यातनं कळलं की रोज संध्याकाळी ७ ला एक बॅच फाइल चालते आणि गेटवरच्या पीसीला गेटपासची फाइल पाठवते. ती कुणी लावली, कधी लावली, पत्ता नाही. ती राहिली असती तर पहिल्याच संध्याकाळी गेटवर गाड्यांची रांग लागली असती. म्हणून नव्या मशीनला नाव तेच आणि आयपी तोच द्यायचा हे तिथंच ठरलं.

नवीन सर्व्हर साधाच घेतला, ३२ जीबी ईसीसी मेमरी, दोन एसएसडी एकमेकीची नक्कल ठेवणाऱ्या, त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एका मशीनच्या आत दुसरी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. आणि जागा बदलली, भट्टीच्या बाजूच्या ऑफिसातनं वरच्या मजल्यावर, बंद खोलीत, पंख्यासमोर फिल्टर लावून.

जुन्याची नक्कल डिस्क-टू-व्हीएचडी नावाच्या छोट्या टूलनं घेतली. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचं आहे, फुकट, आणि मशीन चालू असतानाच इमेज घेतं. आम्हाला हेच पाहिजे होतं, कारण इतकी वर्षं फिरत असलेली डिस्क एकदा थांबवली की पुन्हा फिरेल ह्याची खात्री कोण देणार. सोमवारी सुट्टी असते, सकाळी लावलं, यूएसबी हार्डडिस्कवर घेतलं, दुपारपर्यंत झालं. ते दोनअडीच तास मी त्या पिवळ्या दिव्यासमोर खुर्ची टाकून बसलो होतो.

नव्यावर चालू केलं तर निळी स्क्रीन, शेवटी सेव्हन-बी. ही एरर ज्यांना येईल त्यांनी घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच की विंडोजला आपली डिस्क सापडत नाही, कारण त्याला जुन्या रेड कार्डचा ड्रायव्हर माहीत आहे आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये साधा आयडीई डिस्क कंट्रोलर दिसतोय. जुन्या सर्व्हरला मला हात लावायचा नव्हता, म्हणून इमेज लॅपटॉपवर माउंट केली, त्यातली रजिस्ट्री उघडून आयडीईच्या नोंदी घातल्या, ड्रायव्हरच्या फाइल्स जागेवर टाकल्या. दुसऱ्यांदा चालू केलं आणि लॉगिनची खिडकी आली. मग नेटवर्क कार्ड, २००३ ला रिअलटेक ८१३९ ओळखीचं आहे म्हणून तेच दिलं. आयपी टाकायला गेलं की म्हणतंय हा दुसऱ्या कार्डला दिलाय, ते दुसरं कार्ड म्हणजे जुन्या मशीनचं, आता नाहीच, पण नोंद शिल्लक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली डिव्हाइस दाखवायला सांगून ते काढलं.

पुढचा प्रश्न ऑफिसातल्या पीसींचा. त्यातले तीन विंडोज १० चे, ६४ बिट, त्यावर १६ बिटचा डॉस प्रोग्राम चालतच नाही. आणि २००३ ज्या जुन्या एसएमबी-१ नं फाइल शेअर करतो ते विंडोज १० मध्ये २०१७ पासून मुळातच बंद येतं. ते मुद्दाम चालू करायला सांगणारे बरेच भेटतात, कृपा करून करू नका, व्हायरस आत शिरायची ती जुनी वाट आहे. आम्ही सगळ्यांना रिमोट डेस्कटॉपनं सर्व्हरवरच लॉगिन दिलं, त्याला लागणारी टर्मिनल सर्व्हिसेसची पाच लायसन्सं जुन्या फाइलीत कागदासकट सापडली. ह्याचा एक मोठा फायदा झाला, डीबीएफ आणि इंडेक्स आता नेटवर्कवरनं उघडतच नाहीत, सगळं एकाच मशीनच्या आत, त्यामुळं महिन्यातनं दोनदा इंडेक्स बिघडायचा तो प्रकार बंद.

पण पाच जणांनी प्रोग्राम उघडला की प्रोसेसर १०० टक्के. डॉसचा प्रोग्राम नुसता बसलेला असला तरी कुणी बटण दाबलं का, दाबलं का, असं सारखं विचारत असतो. टेम नावाचं जुनं युटिलिटी आहे त्यासाठीच, ते लावलं आणि उतरलं. दुसरं म्हणजे एका रिपोर्टला प्रोग्राम म्हणायचा डिस्कवर जागा नाही, आणि जागा तर भरपूर. जुन्या प्रोग्रामला २ जीबीच्या वरचा आकडा नीट मोजता येत नाही, तो उलटा निगेटिव्ह होतो. डेटासाठी वेगळा दीड जीबीचा ड्राइव्ह करून दिला, लगेच मानलं. डॉट मॅट्रिक्सला छोटा प्रिंट सर्व्हर लावून नेटवर्कवर घेतलं आणि नेट यूज कमांडनं एलपीटी-१ ला, म्हणजे डॉसला माहीत असलेल्या प्रिंटर पोर्टला, जोडलं, तीन कार्बनच्या चलनावरची एक ओळसुद्धा हलली नाही.

२००३ चा सपोर्ट १४ जुलै २०१५ ला संपलाय, त्यामुळं त्या व्हर्च्युअल मशीनला इंटरनेट अजिबात नाही, फायरवॉलमधनं फक्त ऑफिसचे पीसी, गेटचा पीसी आणि प्रिंट सर्व्हर. रोज रात्री पूर्ण मशीनचा बॅकअप, आठवड्याची एक कॉपी शहरातल्या ऑफिसात. महिन्यातनं एकदा ती कॉपी माझ्या मशीनवर खरोखर चालू करून एक चलन मारून बघतो. ह्याच कारखान्यात जुन्या टेप कपाटात नीट लावलेल्या होत्या आणि त्यातली एकही वाचता आली नाही, म्हणून.

एक गोष्ट नव्यावर आली नाही. जुना पगाराचा प्रोग्राम, त्याचा डाँगल, म्हणजे तो लावल्याशिवाय प्रोग्राम चालत नाही अशी चावी, पॅरलल पोर्टला लागतो आणि बनवणारी कंपनी आता नाही. तो मागच्या पीएफच्या नोंदी बघण्यापुरता लागतो, म्हणून मदरबोर्डवर खरा एलपीटी असलेल्या एका पीसीवर वेगळा ठेवलाय, तसाच दुसरा पीसी पुठ्ठ्यात घालून शेजारी.

खंडेनवमी १४ ऑक्टोबरला होती. त्या आधी दोन आठवडे दोन्ही मशीनवर कामं केली, चलनं ताडून बघितली. पूजा दोन्ही सर्व्हरची झाली, नव्याला हार जाळीवर न घालता बाजूला, एवढं मी सांगून ठेवलं होतं. सुट्टीत अदलाबदल झाली. सुट्टी संपली त्या सकाळी पहिली गाडी सव्वानऊला गेटातनं बाहेर गेली. अण्णांनी तीन एंटर मारले, एफ-५ दाबलं, प्रिंट घेतली आणि मला म्हणाले, "बदललंय कुठं?"

आता पुढचं काम चालू आहे. २००३ कायमचा ठेवायचा नाही. क्लिपरचा कोड हार्बर नावाच्या फुकट कंपायलरवर बऱ्यापैकी तसाच कंपाइल होतो आणि आजच्या विंडोजवर चालतो, पण त्यासाठी मूळ सोर्स पाहिजे. प्रोग्राम लिहिणारे सर राजारामपुरीत राहतात, सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांच्याकडं तीन फ्लॉपी निघाल्या, दोन वाचता आल्या, तिसरी, ज्यात चलनाचा भाग होता, ती गेली. पण त्यांनी त्या भागाची प्रिंट जपून ठेवलीये, १३२ कॉलमच्या कागदावर, घड्या तशाच. दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन जातो आणि टाइप करतो. सरांना आता बारीक दिसत नाही, म्हणून मी ओळ मोठ्यानं वाचतो, आणि कंस राहिला की ते लगेच थांबवतात. ४० पानं झाली. पुढच्या रविवारी वजनाच्या फरकाचं पान येईल, तेव्हा २ टक्केच का धरले हे त्यांना विचारायचंय.