पांढरी सात

दिवाळी पाडव्याच्या आदल्या रात्री पेटीवाल्या काकांचा फोन आला, तेव्हा माझी तबल्यांची बॅग भरून दाराशी तयार होती. "दादांचा आवाज बसलाय. काळी एक झेपत नाही म्हणतात. उद्या पांढरी सात." एवढं बोलून त्यांनी ठेवलासुद्धा. दादा म्हणजे आमचे गायक. काळी एक, पांढरी सात ही पेटीच्या पट्ट्यांची नावं; गायकाचा सा ज्या पट्टीवर, ती त्याची पट्टी. सात म्हणजे काळी एकच्या दोन पट्ट्या खाली. त्यांना काय, त्यांची पेटी स्केल चेंजर. पट्ट्या सरकवल्या की सा बदलतो, झालं. याच पेटीला आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं दारात उभं केलं नव्हतं. पण आयत्या वेळी गायकाचा सूर उतरला की मंचावर निवांत असते ती पेटीच.

तबल्याचं तसं नसतं. काळी एकचा तबला पांढरी एकला येतो, तोही कुरकुरत. त्याखाली सातला नेला की वाद्या (तोंडाचं चामडं ताणणारे पट्टे) सैल पडतात, शाईवरची आस, म्हणजे घुमत राहणारा नाद, मरते आणि 'तिं' वाजवलं तर पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखं ऐकू येतं. सातला बोलेल असा मोठ्या तोंडाचा तबला माझ्याकडे नाही. वर्षातून एखाद्या वेळी लागणाऱ्या वाद्यात पैसे घालणं परवडत नाही. बायकांच्या साथीचा काळी चारचा तबला होता, तो इथे कशातच बसत नव्हता. राहिला बासरीच्या साथीचा, पांढरी तीनचा.

तबला सा लाच लावावा लागतो असं नाही, रागात बसत असेल तर पंचमाला किंवा मध्यमालाही चालतो. बोटांवर मोजलं. सातला सा धरला तर काळी एक रिषभ, काळी दोन गंधार आणि पांढरी तीन म्हणजे शुद्ध मध्यम. सुरुवात ललितनं ठरलेली. ललितात पंचम नाहीच. तानपुऱ्याची पहिली तारसुद्धा मध्यमाला लावतात. म्हणजे बासरीचा तबला जसाच्या तसा चालणार होता.

अडचण पुढच्या रागाची होती. तोडीत मध्यम तीव्र. तिथे शुद्ध मध्यमातला तबला म्हणजे प्रत्येक समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, वर्ज्य स्वर ठणकावून सांगायचा. आता, साथीदारानं गायकाला राग बदला म्हणायची आपल्याकडे रीत नाही. बंदिश, लय, आपण कुठे वाजवायचं नि कुठे नुसता ठेका धरायचा, सगळं तिकडून ठरून येतं. तरी मी फोन लावला.

"दादा, तोडीऐवजी जोगिया घ्याल का?"

"का गं?"

सांगितलं सगळं. पलीकडे गरम पाण्याचे घोट ऐकू येत होते.

"पत्रिकेत तोडी छापलीय का?"

"नाही. 'सुरेल दिवाळी पहाट' एवढंच छापलंय. आणि प्रायोजकांचे फोटो."

हसता हसता त्यांना ढास लागली. "मग जोगिया. पण हे काकांना आत्ता सांगू नकोस, झोपू दे त्यांना."

ठाण्यातलं मैदान, उघडा मंच, साडेपाचची वेळ. मी डोंबिवलीहून टॅक्सीनं गेले, कारण दोन तबले, डग्गा आणि नऊवारी हे सगळं घेऊन पहाटेच्या लोकलमध्ये चढणं मला जमत नाही. (नऊवारी आयोजकांची मागणी. पुरुष साथीदारांना नुसता झब्बा चालतो.) मंचावर पोचले तर एका कार्यकर्त्यानं तानपुरा माझ्यापुढे धरला. "ताई, तुम्ही मागे बसा, तबलेवाले यायचेत." अजूनही हे होतं. मी बॅगेतून हातोडी काढली, तेव्हा तो निघून गेला.

दादांचे दोन शिष्य तानपुऱ्यांशी झगडत होते. मिरजेचे तानपुरे, तिथल्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण काळी एकला सवयीची खर्जाची तार सातला उतरवली की ती ढिली होऊन नुसती भुणभुणते, हे मानांकनानं बदलत नाही. जवारीतला, तारेखालचा दोरा केसाएवढा पुढेमागे करत पोरं बसली होती. पखवाजवाल्यांनी डब्यातून कणकेचा गोळा काढून धूमेवर, पखवाजाच्या डाव्या तोंडावर, थापला. त्यांचं काम शेवटच्या अभंगांना, पण तयारी सगळ्यांच्या आधी.

आमची वाद्यं लागली, आणि मग सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, रोपटं, भाषण, पुन्हा शाल. सव्वासहा वाजले. ललित हा संधिप्रकाशाचा राग, इथे संधीही निघून चालली होती नि वर प्रकाश होत होता. त्यात दिवाळीतलं दहिवर. चामडं ओल धरतं आणि सूर हळूहळू उतरतो. तबला मी पदराखाली मांडीवर घेऊन बसले. निवेदिकेनं तिसऱ्यांदा 'रसिकहो' म्हटलं तेव्हा काकांनी पेटीच्या भात्यावर डोकं टेकवलं.

दादांनी सा लावला. आवाज घोगरा होता, पण खाली भरीव होता. तारसप्तकाकडे ते गेलेच नाहीत. विलंबित एकतालात मंद्रातच रेंगाळत राहिले. ललितात दोन्ही मध्यम पाठोपाठ येतात. तीव्रावर थांबून ते शुद्धावर उतरले नि त्याच वेळी सम आली. माझा 'धिं' त्यांच्या स्वराखाली सरकला आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मैफलीत गायक तबल्याकडे बघतो तो बहुधा लय वाढव म्हणून. हे तसं नव्हतं.

तबला उतरतच होता. विलंबितात दोन मात्रांच्या मध्ये गजऱ्यावर, तबल्याच्या तोंडाच्या विणलेल्या कडेवर, हातोडीचा एखादा ठोका घालायला फट मिळते. एका वेळी एकच घर, तेही डाव्या हातानं डग्गा चालू ठेवून. द्रुतात ती सोय नाही, तिथे वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे आधीच ठोकून थोडा चढा ठेवला नि दहिवरानं तो जागेवर यायची वाट पाहिली.

जोगिया छोटाच झाला. त्यातही मध्यम बलवान, तबला निमूट बसला. काकांना राग बदलल्याचं तिथेच, तानपुऱ्यांची तार मध्यमालाच राहिली त्यावरून कळलं. भाता ओढता ओढता ते माझ्याकडे डोळे वटारून बघत होते.

नंतर पाकीट मिळालं. आत ठरलेलीच रक्कम. मानधन कार्यक्रमाचं असतं, वाद्यं किती आणली याचं नसतं, आणि टॅक्सी तर आपली आपणच. संध्याकाळी पुण्यात सतारीची साथ होती, म्हणून काळी एकचा तबला तसाच बॅगेत, न वाजवता पुढे गेला.

डिसेंबरात दादांचा फोन आला. आवाज खणखणीत. "नाशिकला बैठक आहे. काळी एकच. पण तो बासरीचा तबलाही आण, ललित पुन्हा तसाच, सातला गाऊन बघायचाय."

"आणते. पण टॅक्सीचे वेगळे लागतील."

"किती?"

मी सांगितले. ते जरा थांबले आणि म्हणाले, "ठीक आहे, आयोजकांच्या यादीत लिहितो. पेटीच्या खाली."