गरम होऊन बसलेले इंजिन बांधताना

गरम होऊन बंद पडलेली जुनी मारुती ८०० स्वस्तात मिळते आणि यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात ती घेणारे आजही आहेत, कारण तिचे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन साधे आहे आणि २०१४ मध्ये उत्पादन थांबले तरी तिचे सुटे भाग अजून मिळतात. अशी एक गाडी मीही घेतली. माझा आग्रह एवढाच आहे की, इंजिन बांधायला काढण्याआधी ते कशाने बिघडले याचे उत्तर मिळालेले असावे.

डिपस्टिकवरचे ऑईल दुधाळ दिसत होते, म्हणजे त्यात पाणी मिसळले होते. तरीही हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, लगेच न उतरवता आम्ही तिन्ही स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजले. दुसरा आणि तिसरा सिलिंडर सारखेच कमी निघाले. प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला असता तर संशय पिस्टनच्या रिंगांवर गेला असता. तो जागचा हलला नाही. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की बहुतेक वेळा त्यांच्यामधले गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील करणारी चकती) जळालेले असते, आणि हेड उतरवल्यावर तेच दिसले.

तेव्हा आमचे मिस्त्री म्हणाले, “भाऊ, याच्यात पानी कोनतं टाकत होते, ते पह्यले इचारून घ्या.” उत्तर अपेक्षेप्रमाणेच होते: शेतातल्या बोअरवेलचे. हे पाणी जड असते. त्यातला चुना जिथे धातू सर्वांत जास्त तापतो तिथेच, म्हणजे ज्वलनकक्षाभोवतीच्या पाण्याच्या वाटांत, थराने बसतो आणि धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. तापमापकाचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो, धातूचे नाही. शिवाय पाणी कमी होऊन सेन्सर उघडा पडला तर काटा खालीही येऊ शकतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा चालकाला हे सारे कळेपर्यंत हेड वाकलेले असते. हेड ॲल्युमिनियमचे आणि त्याखालचा, सिलिंडर असलेला ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते.

सरळ पट्टी हेडवर लांबीने, रुंदीने आणि दोन्ही तिरक्या रेषांत ठेवून खालून ०.०५ मिलिमीटरची फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातली. ती सहज आत गेली, म्हणून हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, दिले. ब्लॉकचा पृष्ठभागही याच पद्धतीने तपासावा लागतो, हे अनेक जण विसरतात. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, मात्र वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजला, कारण तो गोल राहत नाही आणि खालपर्यंत सारखाही राहत नाही. झीज मर्यादेबाहेर होती. अशा वेळी बोअर कापून मोठा करावा लागतो, म्हणून ओव्हरसाइज (थोडे मोठे) पिस्टन आधी आणून लेथवाल्याच्या हाती द्यावेत. पिस्टन मोजूनच बोरिंग व्हावे, डब्यावरच्या आकड्यावर नको.

ब्लॉकचे कोअर प्लग, म्हणजे पाण्याच्या वाटांवरची पत्र्याची बुचे, काढल्यावर आतून तपकिरी खपल्या निघाल्या. ही सफाई खर्चाच्या अंदाजात कोणी धरत नाही, पण माझ्या मते संपूर्ण कामात तिचेच मोल सर्वाधिक आहे. ती टाळली तर नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाते. होनिंगनंतर, म्हणजे बोअरला दगडाने बारीक रेषा पाडल्यावर, तो डिझेलने पुसून भागत नाही, कारण दगडाची बारीक पूड रेषांत अडकून राहते आणि नव्या रिंगा खाते. गरम पाणी, साबण आणि ब्रश वापरून, पांढरे फडके स्वच्छ निघेपर्यंत धुवावे आणि लगेच ऑईल लावावे.

जोडताना रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ दिल्या नाहीत आणि हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळले. रेडिएटरही आतून साफ करून घेतला आणि थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारी झडप) नवा बसवला. उन्हाळ्यात तो काढून फेकण्याची इकडची रीत मला मान्य नाही. आता रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे असते, आणि तेच मिश्रण भरलेला एक कॅन गाडीच्या डिकीत कायम ठेवलेला आहे, म्हणजे वाटेत पातळी उतरली तरी कोणाच्या बोअरवेलचे पाणी भरावे लागणार नाही.