फैजपूर ते तोरणमाळ : मे महिना, जुनी मारुती आणि ओलं फडकं

फैजपूरहून पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. आईच्या दशम्या होईपर्यंत आठ वाजले, पुढे यावलला नातेवाइकांकडे चहा. पुढचं सगळं रामायण त्या वाया गेलेल्या तीन तासांचं. गाडी नानांची, १९९७ ची कार्बोरेटरवाली मारुती ८००.

अडावदच्या पुढे गाडी बंद पडली. आचके नाहीत, काही नाही. दिव्याचं बटण दाबावं तशी गेली. तापमानाचा काटा निम्म्यावरच, तरी नाना म्हणाले, "रेडिएटर." मोटारसायकलवरचे एक भाऊ थांबले. "काय व्हयनं? उन्हामा पेट्रोलनी वाफ व्हई जास." फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकलं, निंबाखाली दशम्या सोडल्या. पंचवीस मिनिटांनी पहिल्या सेल्फला गाडी चालू. रोगही कळला, औषधही मिळालं!

इथेच आम्ही फसलो. पंचवीस मिनिटांत पंप थंड होतो, तशी प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉईलही होते. म्हणजे फडक्याने काहीच सिद्ध होत नाही. चोपड्याला फिटरने पेट्रोलचा फिल्टर बदलला, कॉईलला मीटर लावलं, कॉईल ठणठणीत. थंड झालेली कॉईल मीटरवर चांगलीच दिसते.

अनेरच्या पुलाअलीकडे पुन्हा तेच. या वेळी मी कोणालाच फडकं काढू दिलं नाही. गाडी बंद पडल्यावरची पहिली दोन-चार मिनिटंच खरी. गाडी निवली की पुरावा गेला. एअर क्लीनरचं झाकण काढलं, कार्बोरेटरच्या तोंडात बघत हाताने अ‍ॅक्सिलरेटर ओढला. आत पेट्रोलची पिचकारी उडाली, म्हणजे पेट्रोल पोचत होतं. झाकण परत बसवलं. मग एका प्लगची वायर काढून तिच्यात जवळचा जादा प्लग खोचला, प्लगचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून ठेवलं आणि नानांना सेल्फ मारायला लावला. ठिणगी नाही. (वायर हातात धरू नका, आणि आसपास पेट्रोल सांडलेलं असेल तर हा प्रयोगच करू नका.)

चावी बंद करून ओलं फडकं फक्त कॉईलवर ठेवलं. पंप तसाच तापलेला, बॉनेटखाली हात ठेववत नव्हता. पाच-सहा मिनिटांनी निळी ठिणगी तडतडली. आतलं इन्सुलेशन गरम झालं की दगा देतं आणि निवलं की कॉईल शहाण्यासारखी वागते. पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडली असती तर बहुधा गाडी आधी आचके देत, दम तोडत थांबली असती.

फडकं भिजवत भिजवत शिरपूर गाठलं, नवी कॉईल घातली, ऊन कलेपर्यंत तिथेच बसलो. मुक्काम शहाद्याला. घाट दुसऱ्या दिवशी पहाटे.

जाणाऱ्यांनी पेट्रोल शहाद्यातच भरून घ्यावं. तिथून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर, शेवटचा घाट वळणांचा. घाटात काटा चढायला लागला तर काचा उघडून हीटर पूर्ण सोडा. मे महिन्यात वेडेपणा वाटेल, पण इंजिनाची गरमी तेवढी बाहेर पडते. नानांनी पाय भाजतात म्हणून कुरकुर केली; काटा मात्र उतरला. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. जवळ एक जादा कॉईल, एक प्लग, प्लगपाना आणि पाच लिटर पाणी असू द्या. पॉइंटवाली (जुन्या पद्धतीची, कॉईलची वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट असलेली) गाडी असेल तर बंद पडल्यावर चावी ऑन ठेवू नका, कॉईल तशीही तापत राहू शकते.

वर यशवंत तलावाशी पोचलो तेव्हा चक्क वारा होता. आई म्हणाली, शाल आणायला हवी होती.

जुनी कॉईल नानांनी फेकू दिलेली नाही. त्याच फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवली आहे. हिवाळ्यात चालेल म्हणतात.