नानांच्या गाडीचा सुटलेला कपलर

धुळ्यात पारोळा रोडवर माझं गॅरेज आहे. मे महिन्यातली दुपार होती, पत्र्याखाली ठेवलेला पान्हासुद्धा हाताला चटका देत होता. पारोळ्याकडचे एक कापूसवाले नाना गाडीतून उतरले ते बोलतच, "भाऊ, गाडी पेट्रोल पी राहिनी." सतराचं अ‍ॅव्हरेज बारावर आलेलं. सायलेन्सरमागे उभं राहिलं की डोळे चुरचुरत.

बॉनेट उघडलं तर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढून बाजूला बांधून ठेवलेला. चार महिन्यांपूर्वी गाडी झटके देत होती, तेव्हा एका मिस्त्रीने तो काढला आणि झटके थांबले. तेव्हापासून चेक इंजिनचा दिवा पेटलेला. "त्याचं काही नाही," असं नानांना सांगितलं होतं. हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण गिऱ्हाईक त्यावर विश्वास ठेवून महिनोन्‌महिने गाडी चालवतं.

हा सेन्सर जळालेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते सांगतो. पेट्रोल जास्त झालं की ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त झाली की ०.१. ते बघत ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, एका किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हा हिशेब सांभाळतो. कपलर काढला की ही खबर बंद. मग तो आत भरलेल्या ठरावीक आकड्यांवर चालतो आणि बहुतेक वेळा जरा जास्तच पेट्रोल सोडतो. गाडी बंद पडत नाही, म्हणून कुणाला काही वाटत नाही.

पण सेन्सर काढल्यावर झटके थांबले कसे? मला तेच शोधायचं होतं. स्कॅनरवर पी०१३५ हा बिघाडाचा कोड होता, तो कपलर सुटल्याचाच. कपलर जोडून, कोड पुसून गाडी चालू ठेवली. थोड्या वेळात सेन्सर ०.१ वर चिकटला आणि फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, अधिक पंचवीसपर्यंत चढला. सेन्सर म्हणतोय पेट्रोल कमी. प्लग काढले तर काजळीने काळे! सेन्सर मेलाय का ते बघायला हवा आत जाते त्या इनटेकमध्ये, पेट्रोलसारखाच जळणाऱ्या कार्ब क्लीनरचा थोडा फवारा मारला. व्होल्टेज लगेच ०.८ वर गेलं. म्हणजे सेन्सर जिवंत होता, त्याच्यापर्यंत बाहेरची हवा पोचत होती.

गाडी रात्रभर गार होऊ दिली. सकाळी स्टार्ट करताच एक्झॉस्ट मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनातून जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांपाशी, बारीक टकटक ऐकू आली. इंजिन तापलं की ती विरायची. फटीशी काजळीचा ओघळ होता. गॅस्केट फुटलेलं. जळालेल्या वायूच्या दोन धक्क्यांच्या मध्ये तिथून हवा आत ओढली जायची, सेन्सरला ती दिसायची आणि ईसीएम बिचारा पेट्रोल वाढवत राहायचा. कपलर काढल्यावर ही चुकीची खबर थांबली, म्हणून झटके गेले. दुखणं तसंच राहिलं.

गॅस्केट आणि नट नवे टाकले, सेन्सर जुनाच ठेवला. व्होल्टेज पुन्हा वरखाली नाचू लागलं, ट्रिम अधिक-उणे पाचच्या आत आला.

तीन आठवड्यांनी नानांचा फोन आला. अ‍ॅव्हरेज सोळा, पण दिवा परत लागला होता. या वेळी कोड पी०४२०, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. त्याच्या मागचा सेन्सर पुढच्यासारखाच वरखाली होत होता. चार महिने जास्तीचं पेट्रोल जाळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर संपला होता. त्याची किंमत नानांना सांगताना माझा आवाज बसला.