गाय व्याली आणि अर्बन सी आठवली

आज पहाटे साडेचारला डिचोलीच्या घरी आमची गाय व्याली, पाडी झालीय, तासाभरात उभी राहून चीकही प्यायली पण वार काही पडेना, मग डॉक्टर येईपर्यंत मी आणि बाबा गोठ्यातच बसून, जीव नुसता टांगणीला. आणि मला सारखी अर्बन सी आठवत होती.

1989 ची थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची घोडी. 1993 ला पॅरिसच्या लाँगशाँ रेसकोर्सवर प्री द लार्क द त्रिओंफ, म्हणजे आर्क ही मोठी शर्यत जिंकली, सट्ट्याचा भाव होता 37 ला 1, म्हणजे कुणाच्या खिजगणतीतही नव्हती! एवढ्यावर थांबली असती तरी खूप होतं, पण तिचा मुलगा गॅलिलिओ 2001 ची एप्सम डर्बी जिंकला, दुसरा सी द स्टार्स 2009 ला गिनीज शर्यत, डर्बी आणि वर आईचीच आर्क पण, आणि 14 पैकी 14 रेस जिंकलेला फ्रँकेल हा गॅलिलिओचा, म्हणजे हिचा नातू. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, घोडी अकरा महिने गाभण, म्हणजे फार तर वर्षाला एक शिंगरू, आणि त्यात हे एवढं सगळं!

मार्च 2009 मध्ये शेवटचं शिंगरू झालं आणि ती गेली. सी द स्टार्सचं ते सोन्यासारखं वर्ष सुरू व्हायच्या आधीच. हे मला दर वेळी लागतं. शिंगरू मात्र जगलं, बॉर्न टू सी नाव त्याचं.

नऊ वाजता वार पडली. आई आत्ता पेज आणि गूळ घेऊन गोठ्यात गेलीय.