दोन सीटची जुनी की शहाणी डिझेल: आठवडा सहावा, पार्किंग अजून रिकामंच

तर मंडळी, मागच्या अपडेटला मी छाती ठोकून सांगितलं होतं की पुढच्या वेळी गाडीचे फोटो टाकतो, तर फोटो नाहीयेत, पण एक वही आहे आणि त्या वहीने सगळा हिशोबच फिरवलाय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. घरात एक छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, ती बायकोची. दुसरी गाडी माझ्यासाठी, बजेट एकच, उमेदवार दोन. एक म्हणजे माझदा एमएक्स-५, दोन सीटची, कापडी छत उघडणारी रोडस्टर; त्यातली एनबी, म्हणजे १९९८ ते २००५ वाली दुसरी पिढी, १.८ लिटर इंजिन. दुसरी म्हणजे दहाएक वर्षं जुनी २.० लिटर डिझेल इस्टेट (मागे लांब डिकीवाली), कंपनीचं नाव घेत नाही कारण तिचा काही दोष नाही, पुढे कळेलच. ज्याला ज्याला विचारलं त्याने डिझेल म्हणून सांगितलं. सासरे, ऑफिसातले, माझा मेकॅनिक, सगळे. आणि मीही मनातून मान्य केलं होतं, फक्त तोंडाने कबूल करत नव्हतो.

आधी डिझेल चालवून आलो. खरं सांगतो, गाडी झकास होती. १५० हॉर्सपॉवर, टॉर्क एनबीच्या जवळपास दुप्पट, सहाव्या गिअरला हायवेवर इंजिन दोन हजार आरपीएमच्या आत गुणगुणतंय, मागे अख्खं कपाट मावेल एवढी डिकी. गंमत म्हणजे कागदावर ०-१०० दोघींचं साधारण सारखंच आहे, साडेआठ सेकंदांच्या आसपास. पण डिझेल ते काम बसल्या जागी करून टाकते, तुम्हाला विचारतसुद्धा नाही, आणि एनबीमध्ये सात हजारापर्यंत खेचत तुम्हाला ते स्वतः करावं लागतं. आता यातलं कोणतं चांगलं हे ज्याचं त्याने ठरवावं, माझं ठरलेलं आहे हे तुम्हाला माहितीये.

बंद करताना क्लचच्या बाजूने बारीक खडखड आली, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं धक्के शोषणारं जड चाक) म्हातारं झाल्यावर येते तशी. मालक म्हणाले डिझेल आहे हो, आवाज येणारच. बरं. ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) लावला, बिघाडाचा कोड एकही नाही. मग सहज डिपस्टिक काढली तर ऑइल मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर, आणि वास घेतला तर चक्क डिझेलचा. मी विचारलं रोज किती चालते, तर म्हणाले मुलांना शाळेत सोडायला आणि भाजी आणायला, अगदी जपून वापरलीय. इथेच माझी ट्यूब पेटली.

ज्यांना माहितीये त्यांनी हा पॅरा सोडा. डीपीएफमध्ये, म्हणजे डिझेलच्या एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये, काजळी साठते आणि ती जळायला एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांच्या घरात जावा लागतो. हायवेवर सलग चालवली तर बरीचशी वाटेतच जळते. नाही जळली तर गाडी स्वतः जास्तीचं डिझेल मारून तापमान वाढवते, त्याला काही मिनिटं लागतात आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही घरी पोचून किल्ली काढता. झालं, काम अर्धवट. असं वारंवार झालं की ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, पातळी चढत जाते, ऑइल पातळ होतं आणि टर्बोची बेअरिंग त्याच पातळ ऑइलवर फिरत राहतात. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) चोंदतो तो वेगळाच. म्हणजे "जपून वापरलेली" डिझेल ही बऱ्याचदा दाबून पळवलेल्या डिझेलपेक्षा वाईट अवस्थेत असते. मीटरवर लाखो किलोमीटर असलेली टॅक्सी आणि ही गाडी शेजारी शेजारी ठेवली तर मी टॅक्सीकडे आधी जाईन.

घरी आलो आणि मनात आलं, अरे पण मी तरी वेगळं काय करणार आहे? मग वही काढली. दोन आठवडे प्रत्येक फेरी लिहिली, निघालो कधी, पोचलो कधी, किती किमी. हॅचबॅकच्या ओबीडीला फोन जोडून तापमानही बघत होतो, कारण बोर्डवरचा काटा मधोमध आला म्हणजे पाणी तापलं, ऑइलला अजून बराच वेळ असतो. एकूण ३१ फेऱ्या. त्यातल्या २४ आठ किमीच्या आतल्या. सलग अर्धा तास हायवे फक्त दोनदा, आणि त्यातही एकदा रस्ता चुकलो म्हणून. बायकोने वही चाळली आणि म्हणाली, "तुला गाडी नको, सायकल हवीय." तो विषय मी शिताफीने टाळला.

पण मुद्दा कळला ना? ज्या गाडीला सगळे शहाणी म्हणतायत ती माझ्या वापरात दोन वर्षांत डीपीएफने चोंदून बसेल, आणि मायलेजमधून जे वाचेल ते एका फिल्टरमध्ये जाईल. डिझेल शहाणी आहेच, रोज साठ-सत्तर किमी हायवे असणाऱ्यासाठी. माझ्यासाठी नाही. (तुमचं रनिंग तसं असेल तर माझं ऐकून रोडस्टर घेऊ नका आणि मग मला शिव्या घालू नका.)

मग एनबी बघायला सुरुवात. पहिली लाल, दिसायला अशी की मी मनातल्या मनात सही करून मोकळा. इंजिन थंड ठेवायला सांगितलं होतं तरी गेलो तेव्हा बॉनेट कोमट होतं, ही पहिली घंटी. खाली वाकून बघितलं तर अंडरकोटिंग काळंकुळकुळीत, ताजं, हाताला चिकटत होतं. वीस वर्षांच्या गाडीला मागच्या महिन्यात अंडरकोटिंग कोण मारतं? मागच्या चाकाच्या पुढे, सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) जिथे संपतं तिथे फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं. दारापाशी खटकन चिकटलं, मागे मागे नेलं तसं ढिलं पडत गेलं आणि शेवटच्या वीतभर भागात सरळ हातात आलं. पत्रा नाहीच, नुसती लांबी (पुट्टी) भरलेली. बोटाने टिचकी मारली तर पुठ्ठ्यासारखा आवाज.

हे का होतं तर सॉफ्ट टॉपवरचं पाणी सीटच्या मागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्या पानांनी आणि मातीने तुंबल्या की पाणी आत सांडतं आणि सिल आतून कुजत जातं, बाहेरून रंग ठणठणीत. म्हणून मी हल्ली पाण्याची बाटली घेऊनच जातो. मालकाची परवानगी घेऊन थोडं पाणी ओतायचं आणि खाली वाकून बसायचं. या लाल गाडीत डावीकडून दोन थेंब आले, उजवीकडून काहीच नाही, आणि मिनिटभराने सीटमागचं कार्पेट ओलं. मालक म्हणाले काल गाडी धुतली होती. आभार मानले आणि निघालो. एनबीचे पुढचे चॅसी रेलही (गाडीच्या सांगाड्याचे लांब पोलादी दांडे) बघायचे, तिथे दुहेरी पत्र्यात पाणी अडकतं आणि ती दुरुस्ती सिलपेक्षा भारी पडते. या गाडीत तिथपर्यंत जायची वेळच आली नाही.

दुसरी गाडी गिअर सिंक्रो गेलेली (गिअर घासत पडत होता), सोडली. तिसरीचा मालक फोनवरच भांडला.

चौथी मात्र. २००१ नंतरची, व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगवाली, फिक्कट चंदेरी, बंपरवर ओरखडे, छताला एका ठिकाणी ठिगळ. चुंबक शेवटपर्यंत घट्ट. रेलवर वरवरचा गंज पण स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर टणक आवाज. पाणी दोन्हीकडून धो धो खाली. क्लच हलवणारा छोटा स्लेव्ह सिलिंडर पाझरतोय, गिअर लीव्हरखालचं रबर फाटलंय म्हणून खालच्या गिअरबॉक्सच्या बोगद्यातली गरम हवा थेट मांडीवर येते, डॅम्पर (शॉक ॲब्झॉर्बर) मेलेत. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नाही, म्हणजे बदलला नाही असंच धरायचं, बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच उरकायचे. हे सगळं मालकाने मी विचारायच्या आधीच स्वतः सांगितलं, वर एका वहीत प्रत्येक ऑइल चेंज हाताने लिहिलेला. वहीवाला माणूस दिसला की मी निम्मा विरघळतोच.

चालवली. पहिल्याच वळणावर मेलेल्या डॅम्परसकट ती जशी आत वळली ना, हजार किलोच्या जेमतेम वर वजन, चारही कोपऱ्यांना डबल विशबोन, आणि तो मनगटाएवढा छोटा गिअर थ्रो, मी उगाचच तिसरा-दुसरा-तिसरा करत बसलो. मालक शेजारी बसून गालात हसत होते.

बजेटचा पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून उरलेल्यात सौदा जमला, टोकन दिलंय. पहिलं काम बेल्ट, मग स्लेव्ह, डॅम्पर पगारानंतर. गाडी शनिवारी येतेय. नळ्या साफ करायला गवत कापायच्या मशिनची जाड नायलॉन दोरी आणून ठेवलीय, बाटली तर आहेच.